थरथरणारा पेला

चर्चमध्ये प्रभुभोजनाचा इवलासा पेला याकोबच्या हातात थरथरला आणि द्राक्षरसाचे दोन थेंब वेदीपुढच्या कठड्यावरच्या पांढऱ्या कापडावर सांडले. ते कापड दर महिन्याला मीच धुते, खळ घालून इस्त्री करते.

याकोब माझा धाकटा भाऊ. त्याची बारा वर्षं घर सोडून दारूत गेली. त्याची वाट पाहतच आईनं डोळे मिटले. आता दारू सुटली, पण हात काही थांबत नाही. क्षमा मिळाली म्हणून आई परत येत नाही, हे तो हात दर वेळी सांगतो.

आणि तरी मला त्याचा हेवा वाटला. पेला ओठांना लावताना तो लहान मुलासारखा रडत होता. मी चाळीस वर्षं तोच रस पितेय, एक थेंब न सांडता, डोळ्यांत टिपूस न येता. एवढी तहान त्यालाच का मिळावी? मी तर कधी घर सोडलंच नाही.

"ताई, डाग पडला गं," उपासना संपल्यावर तो ओशाळून म्हणाला.

"जाईल," मी तोडून बोलले.

घरी कापड चोळता चोळता बोटं हुळहुळली. डागावर एवढा राग कुणाला येतो? तो फिकट झाला, गेला मात्र नाही.

पुढच्या महिन्यात कापड अंथरताना डागाची बाजू मी माझ्याच जागेसमोर घेतली. गुडघे टेकले, पेला उचलला. हात अगदी स्थिर होता. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या स्थिरपणाची भीती वाटली.