सुताचं वजन

परवा बाजारातून टॉवेल आणला. पाकिटावर 'शुद्ध सुती' असं सोनेरी अक्षरात छापलेलं. सोनेरी अक्षरात छापावं लागलं म्हणजे माझ्या मनात पाल चुकचुकलीच. घरी आल्याबरोबर कडेचा धागा उपसला आणि काडी ओढून ज्योतीला धरला. खरं सूत कागदासारखं जळतं आणि मागं चिमूटभर मऊ राख ठेवतं. भेसळ असली की आकसतं, टोकाला काळा कडक मणी धरतं. मणी धरला! दुकानदाराचा मनातल्या मनात उद्धार केला आणि खातरजमा म्हणून ओट्यावरच्या जुन्या फडक्याचा धागा जाळून पाहिला. तो मात्र भुरकन जळाला, आणि जळल्या सुताचा तो कोरडा, किंचित गोडसर वास नाकात शिरला तशी मी हातातली काडी विसरून उभी राहिले. कितीतरी उन्हाळे मागं गेले.

संशयी आहे मी, लपवत नाही. दूध नखावर धरून बघते, भाजीवाल्याचा काटा वाकून बघते, आणि कुणी फारच गोड बोलायला लागलं की दोन पावलं मागं सरते. हा गुण माहेरचा नव्हे. माहेरी सगळे भोळे सांब. हा सासरचा ऐवज, आणि ज्यांच्याकडून मिळाला त्यांच्यापुढं मी म्हणजे किस झाड की पत्ती. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. आमच्या आत्यांचा एसटीच्या कंडक्टरवर विश्वास नव्हता, दवाखान्यातल्या सुईवर नव्हता आणि रेडिओतल्या पावसावर तर मुळीच नव्हता. टँकर आला की त्या आधी टाकीला कान लावायच्या. डायवर अर्धा टँकर वाटेत कुणाच्या बागेत सोडून येतो, असं त्यांचं ठाम मत होतं. नवी नवरी म्हणून मी घरात आले तेव्हा त्यांनी माझ्याकडंही त्याच नजरेनं पाहिलं होतं.

ते गाव ढोकीच्या अलीकडचं. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, विहाराला लागून. मोठा दुष्काळ होऊन गेला होता आणि माणसं जरा कुठं सावरत होती, तोवर पाऊस पुन्हा रुसला. उसाचे फड वाळले, आड खरवडून निघाले, माणसं सकाळी खडी फोडायला जायची ती पांढरी होऊन परतायची. अशा दिवसांत गावातल्या बायांची एक सहकारी संस्था निघाली आणि संस्थेला निटिंग मशीन मिळालं. लांबट टेबलावर सुयांची रांग, आणि वरून हातानं इकडून तिकडं सरकवायचा खटका. मशीन खरं तर लोकरीच्या स्वेटरसाठीचं. पण आमच्या उन्हात स्वेटर कोण घालतो? मग कुणाच्या तरी डोक्यातून सुती टॉवेल निघाले. गावानं आधी टिंगल केली. बनियनच्या कापडाचा टॉवेल, ओला झाला की गुडघ्यापर्यंत लोंबतो, म्हणायचे. पण पाणी असं टिपायचा की पुसलेलं अंग कोरडं ठणठणीत. साखर कारखान्याच्या विश्रामगृहानं टॉवेल मागितले तेव्हा टिंगल आपोआप थांबली.

मशीन चालवायचं शिक्षण मी लग्नाआधी धाराशिवला घेतलेलं. कागदोपत्री तेव्हा उस्मानाबाद, पण तोंडात धाराशिवच. संस्थेत दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं, म्हणून मशीन आमच्या घरी आलं. गावातल्या बऱ्या घरच्या बाया सुताच्या लडी घेऊन आमच्या दारात येऊ लागल्या. लडी सोडायच्या, गाठी काढायच्या आणि पुन्हा सैल गुंडाळून आणायच्या, हे काम त्यांच्याकडं. आलेल्या सुताचा एखादा धागा जाळून पारखायचा आणि मग विणायचं, हे काम माझं. दारातच तराजूला सूत लागायचं आणि टॉवेल निघाले की त्याच तराजूला टॉवेल. त्यातल्या काहीजणी आमच्या घरचं पाणी घ्यायच्या नाहीत. "आत्ताच पिऊन आले गं," म्हणायच्या. त्या वर्षी सगळं गाव तहानलेलं असताना याच तेवढ्या नेमक्या पिऊन यायच्या. मी काही बोलत नसे. काम हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. त्या खटक्याच्या खर्रखर्रीत मला माझं स्वतःचं असं काहीतरी ऐकू यायचं, जे चुलीपाशी कधी ऐकू आलं नाही.

आत्यांनी मात्र पहिल्या दिवसापासून मशीनसमोर ठाण मांडलं. उंबऱ्याला पाठ टेकायची, पाय पसरायचे आणि माझ्या हाताकडं बघत राहायचं. डोळ्याला डोळा लागू द्यायच्या नाहीत. बाहेर लिंबाची सावली होती, बाकीच्या म्हाताऱ्या तिथं पडून असायच्या. आमच्या पत्र्याच्या घरात दुपारी भट्टी पेटायची, तरी या हलायच्या नाहीत. मी एकदा म्हणाले, आत्या, जरा पडा की लिंबाखाली. तर त्यांनी डोळे बारीक करून, मला बाहेर घालवून तुला काय करायचंय, असं विचारलं. दुसऱ्याचं सूत घरात आहे आणि सुनेचं माहेर दोन कोसांवर, एवढं त्यांना पुरेसं होतं. भाऊ भेटायला आला की त्याची पिशवीसुद्धा त्या जाता जाता चाचपायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो हसायचा. आईचं तसंच आहे म्हणायचा आणि कूस बदलायचा.

हिवाळ्यात तराजूचा काटा कधी हलला नव्हता. जितकं सूत, तितके टॉवेल. उन्हाळा चढला तसे टॉवेल हलके भरायला लागले. आधी थोडे, मग डोळ्यात भरण्याइतके. चेअरमनबाई, म्हणजे गावातल्या थोरल्या शेतकरी घरातल्या बाई, एकदा नुसत्या "असं कसं गं?" म्हणाल्या. पुढच्या खेपेला काही म्हणाल्याच नाहीत, आणि मला त्या न बोलण्याचीच जास्त धास्ती वाटली. मी चिंधी न् चिंधी गोळा करून तराजूत टाकायची, तरी पारडं वरच. मग गावात कुजबुज सुरू झाली. माझ्या भावाच्या अंगावर नवा बनियन दिसला, तो माझ्या नावावर जमा झाला. कुणी म्हणालं, उमरग्याच्या बाजारात असेच टॉवेल दिसले. टँकरपाशी मी गेले की बोलणं थांबायचं. वाईट याचं वाटायचं की एकटी मी चोर ठरत नव्हते. 'त्यांच्या वस्तीत मशीन ठेवलं तेव्हाच म्हटलं होतं,' हे वाक्य माझ्या कानावर आलं, तेव्हा माझ्यामुळं सगळ्या वस्तीच्या तोंडाला काळं लागणार हे मला कळून चुकलं.

शेवटी बैठक बसली, विहाराच्या ओसरीवर. मशीन इथून हलवायचं, दुसरी कुणी शिकेल तोवर बंद ठेवायचं, असं ठरवूनच सगळ्या आल्या होत्या. पुढच्या खेपेच्या लडीही कुणी आमच्या दारात ठेवल्या नाहीत, बरोबर ओसरीवरच आणल्या. चेअरमनबाईंनी चोर हा शब्द उच्चारला नाही. घट येते, घट येते, एवढंच म्हणत राहिल्या. मी आत्यांकडं पाहिलं आणि वाटलं, ही बाई आता उठेल आणि म्हणेल, मला आधीपासूनच संशय होता.

आत्या उठल्याच. पदर खोचला.

"म्या हिच्याम्होरं रोज बसलेली हाय," त्या म्हणाल्या, "उन्हात, डोळं फाडून. ही चोरी कवा करती तेच बघाया बसले हुते. माझ्या म्होरनं एक धागा बाहीर गेला न्हाय. मग सूत जातंय कुठं? तुमच्याच घरी मुरतंय. अन् वजन भरावं म्हणून पाणी मारून आणताय तुम्ही."

ओसरीवर एकच कालवा झाला. बऱ्या घरच्या बायांना तोंडावर चोर म्हणणं, तेही आमच्या वस्तीतल्या म्हातारीनं! मला वाटलं, आता मशीनच काय, गावात राहणंही अवघड. पण आत्या मागं हटल्या नाहीत. तिथल्याच लडी त्यांनी सगळ्यांसमोर तराजूला लावायला लावल्या, मग उकलून आमच्या तापल्या पत्र्यावर पसरल्या आणि स्वतः खाली उभ्या राहिल्या. वाऱ्यानंसुद्धा काही नेऊ नये म्हणून. बाया तणतणत बसून राहिल्या. पुन्हा वजन केलं, तर पारडं टॉवेलांसारखंच वर.

मग एक लहानखुरी बाई, तीच जी नेहमी पिऊन आलेली असायची, रडायलाच लागली. सूत चोरलं नाही गं म्हणाली. उन्हाळ्यात सूत लाकडासारखं होतं, गाठ सोडायला गेलं की तुटतं, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत होते. घरात पोरांना प्यायला पाणी नाही आणि आपण सुताला पाजतोय, हे कुणाला सांगायची लाज वाटली. मग एकेक करत सगळ्याच कबूल झाल्या. प्रत्येकीनं चोरून तेच केलं होतं. लडी हाताला गार लागायच्या, विणताना तुटायच्या नाहीत, म्हणून मीही खूश असायची, त्यापुढं माझं डोकं चाललं नव्हतं. आमच्या घरचं पाणी न पिणाऱ्या बायांचं पाणी सुतातून आमच्या घरात येत होतं आणि ते उडून गेलं म्हणून मी चोर ठरत होते. मशीन आमच्याकडंच राहिलं. लडी आल्या की आधी वाळवायच्या आणि मग तोलायच्या, असं ठरलं. त्या दिवशी काळा चहा झाला आणि त्या लहानखुऱ्या बाईनं आमच्याच कपातून घेतला. बाकीच्यांचं नाही सांगत, मी सगळ्यांवर नजर ठेवून नव्हते.

आत्यांचं मात्र समाधान झालं नाही. या बाया थोडं तरी सूत घरी ठेवत असणार, असं त्या पुढं कितीतरी दिवस म्हणत राहिल्या. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा उंबऱ्याला पाठ टेकून, पाय पसरून, माझ्या हाताकडं बघत बसल्या.

मशीन पुढं बंद पडलं, यंत्रमागाच्या टॉवेलांपुढं आमचे टिकले नाहीत, संस्थाही विरली. आत्या थकल्या, अंथरुणाला लागल्या. त्या गेल्या त्या वर्षी एकदा त्यांचं अंग पुसता पुसता मी धीर करून विचारलं, त्या वेळी माझ्यावर तुमचा जरासुद्धा विश्वास नव्हता का? त्यांनी माझ्याकडं तसंच डोळे बारीक करून पाहिलं.

"इश्वास असता तर म्या लिंबाखाली निजले असते की," म्हणाल्या. "मग त्या दिवशी तुझ्या बाजूनं कोण बोललं असतं?"

मला हसूही आलं आणि रडूही. मी आत जाऊन उगीच भांडी वाजवली.

आता पोरं परगावी आहेत. गुणी आहेत, फोन करतात. आई, तुझी काही काळजी नाही, तू सगळं नीट करतेस, असं म्हणतात आणि फोन ठेवतात. औषध घेतलं का, हे विचारायचंही त्यांना सुचत नाही, कारण मी घेतलंच असणार. शेजारणी म्हणतात, तुमचं कसं अगदी व्यवस्थित असतं. दुपारी घर शांत असतं. मी काहीतरी टाके घालत बसते, आणि कधीतरी मान वर होते ती थेट उंबऱ्याकडं जाते. माझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे. समोर बसायला कुणी नाही.