एकच टोच, दोन भोकं

आमच्या सेंदांगवारू गावात निवडणुकीच्या दिवशी समितीतल्या माणसांच्या सदऱ्याला खिसा नसतो. ही रीत बु निंगच्या वडिलांपासूनची. त्यांच्या काळी मतपत्रिका नव्हती. बंद खोलीत बांबूची दोन नळकांडी ठेवलेली असायची, एकाला भाताची लोंबी बांधलेली, दुसऱ्याला मक्याचं कणीस. माणूस आत जायचा आणि हव्या त्या नळकांड्यात माडाच्या हिराची काडी टाकून यायचा. बु निंगचे वडील त्या खोलीच्या दाराशी बसत. एका वर्षी कुणीतरी म्हणालं, दारवाल्याच्या खिशात काड्या आहेत. त्यांनी खिसे उलटे करून दाखवले, तरी संशय राहिलाच. पुढच्या निवडणुकीला ते खिसे उसवलेला सदरा घालून आले आणि मरेपर्यंत दर निवडणुकीला तोच घालत राहिले.

त्यांची ही लेक, मुर्तिनिंगसिह. सगळे बु निंग म्हणतात, बु म्हणजे बाई. बाजारगल्लीत तिचं शिवणाचं दुकान आहे आणि मी त्याच्या समोर तेवीस वर्षं राहते आहे. टाचण्या ओठांत धरायची तिची सवय, त्यामुळे बोलणं थोडं. जे बोलते ते दातांच्या फटीतून आणि मोजून.

सहा वर्षांपूर्वीच्या सरपंचाच्या निवडणुकीत ती समितीत पहिल्यांदा बसली. काम साधंच होतं. इथे मत देताना कागदावरच्या चित्राला, लोंबीला नाहीतर कणसाला, खिळ्याने टोचतात. मोजणीच्या वेळी समितीतलं एकजण प्रत्येक कागद उलगडून, उजेडासमोर उंच धरून, भोक कुठे आहे ते सगळ्या गावाला दाखवतं. गाव एका आवाजात ‘साह’ म्हणतं, म्हणजे ग्राह्य. ते कागद धरणारे हात बु निंगचे होते.

घोळ झाला तो म्हाताऱ्यांच्या सवयीमुळे. वरच्या वाडीतली जुनी माणसं कागद पुरता उघडा ठेवून टोचत नाहीत. कुणी डोकावेल अशी भीती वाटते, म्हणून खालचा कोरा अर्धा भाग मागे दुमडून घेतात आणि मग खिळा मारतात. खिळा दोन्ही थरांतून आरपार जातो. उलगडल्यावर एक भोक चित्रावर दिसतं आणि दुसरं खाली कोऱ्या जागेत. असे कागद एकामागून एक निघायला लागले. तेव्हाचा समितीप्रमुख, गावचा चिटणीस, मधेच उभा राहिला आणि म्हणाला, “एक माणूस, एक मत, एक भोक. दोन भोकं असली की बाद.” नियमाच्या कागदावर याबद्दल एक ओळ नव्हती. पण तो प्रमुख होता. बु निंगने तीनशे बारा कागद उंच धरले आणि तीनशे बारा वेळा “बाद” म्हणाली.

त्यातले बहुतेक मक्याचे होते. मक्याचे उमेदवार पाक तुमिजान, म्हणजे तुमिजानराव, चाळीस मतांनी पडले. भाताचे पाक हार्जोनो सरपंच झाले.

तुमिजानांची बायको लास्मी ही बु निंगची लहानपणापासूनची मैत्रीण. दर गुरुवारी संध्याकाळी दोघी मशिदीत शेजारी बसून कुराण वाचायच्या. लास्मीचं प्रत्येक झंपर हिनेच शिवलेलं. निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी लास्मी दुकानाच्या पायरीवर आली. आत पाऊल टाकलं नाही.

“चिटणीस बोलला ते मी ऐकलं,” ती म्हणाली. “पण तुला दिसत होतं ना, निंग? एकच टोच होती ती. तू शिंपीण आहेस. तुला दिसत होतं.”

बु निंगने तोंडातल्या टाचण्या काढल्या, तोवर लास्मी पायरी उतरून गेली होती.

त्यानंतर सहा वर्षं लास्मी गुरुवारी दुसऱ्या मशिदीत जात राहिली. झंपर तालुक्याच्या गावातून शिवून आणायची. खांद्यावर चोळामोळा व्हायचा, काखेत ओढायचं, तरी तिथूनच. बाजारात पोरं बु निंगला ‘मतं गिळणारी’ म्हणायची. अर्धं गिऱ्हाईक तुटलं. ती कधी कुणाला काही म्हणाली नाही. नमाजाला मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसायची, हे मला समोरून दिसायचं.

यंदा पुन्हा निवडणूक आली, उमेदवार तेच दोघे. चिटणीस निवृत्त झाला होता आणि समितीचं प्रमुखपण घ्यायला कुणी तयार होईना. सभेत कुणीतरी गंमत म्हणून तिचं नाव घेतलं.

“शिंपिणीच्या हातात कात्री द्या, काय कापेल ते तिचं तिला माहीत,” मागून एकजण म्हणाला. लोक हसले.

ती उभी राहिली. “देता तर द्या,” म्हणाली, आणि बसली.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, “बु, कशाला गळ्यात घेतलंत?”

“नाही म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, खाल्लंय म्हणून पळाली,” ती म्हणाली. “पण या वेळी काही वाकडं झालं तर मला या गल्लीत मशीन चालवता येणार नाही. विकून लेकीकडे जावं लागेल. तेही ठरवून ठेवलंय.”

पुढचे आठ दिवस तिने गिऱ्हाइकाचं कापड हातात घेतलं नाही. समितीसाठी बिनखिशाचे सात सदरे शिवले आणि मोठ्या कागदावर जाड अक्षरात नियम लिहिले. खिळा एकाच जाडीचा. कागद समितीने पूर्ण उलगडून मतदाराच्या हातात द्यायचा. बोट शाईत बुडवल्याशिवाय दाराबाहेर जायचं नाही. असे आणखी काही. चौथा नियम असा: एका चित्रावर भोक आणि दुसरं कोऱ्या जागेत असेल तर कागद पुन्हा दुमडून बघायचा, भोकं एकावर एक आली तर ती एकच टोच आणि मत ग्राह्य. सगळ्यात शेवटी: मोजणी सुरू होण्याआधी ठरलेलं मोजणी संपेपर्यंत बदलायचं नाही. खाली दोन्ही उमेदवारांच्या सह्यांसाठी जागा.

सह्यांची सभा गावच्या मंडपात भरली. तुमिजानांनी वाचलं आणि लगेच सही केली. हार्जोनोंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“बु निंग, चौथ्यावर मी सही केली,” ते म्हणाले, “तर मी कबूल केलं असं होईल की मागच्या वेळी मी चुकीचा निवडून आलो.”

“मागचं उसवायला मी बसले नाही, पाक. पुढचं शिवायचंय.”

“आणि माणूस मुद्दाम दोनदा टोचत नसेल कशावरून? ज्याला मत द्यायचंय तो कागद नीट उघडेलच की.”

बु निंगने पिशवीतून सरावाचे दोन कागद काढले, दोघा उमेदवारांना एकेक दिला. कोपऱ्यात आडोसा होताच. “दोघांनी जाऊन टोचून या,” म्हणाली. “खऱ्यासारखं. कुणी डोकावणार नाही.”

तुमिजान गेले आणि आले. हार्जोनो गेले आणि आले. तिने दोन्ही कागद सगळ्यांसमोर उलगडले. तुमिजानांच्या कागदावर एक भोक होतं. हार्जोनोंच्या कागदावर एक भाताच्या लोंबीवर आणि एक खाली, कोऱ्या जागेत.

मंडप हसण्याने भरून गेला. हार्जोनोंची बायको तोंडावर पदर धरून म्हणाली, “अहो, घरीसुद्धा वर्तमानपत्र तसंच दुमडून वाचता तुम्ही.”

हार्जोनो आधी लाल झाले. मग तेही हसायला लागले. “मागच्या वेळी माझं स्वतःचं मतही बाद गेलं असेल की,” ते म्हणाले. “आणा ते पेन.”

बु निंगने त्यांचा तो कागद नियमांच्या शेजारी फळ्यावर टाचणीने लावून ठेवला. निवडणुकीच्या दिवसापर्यंत येणारा-जाणारा त्याकडे बघून हसत होता.

मतदानाच्या दिवशी दोन्ही उमेदवार रिवाजाप्रमाणे जुन्या वळणाचे पोशाख घालून मंडपात खुर्च्यांवर बसले. एकाच्या मागे भाताच्या लोंब्यांची जुडी, दुसऱ्याच्या मागे कणसं. पहाटेच्या नमाजानंतर बु निंगने हात पसरून दुवा मागितली आणि मोकळी पेटी उलटी करून सगळ्यांना दाखवली. समितीतला माणूस प्रत्येक कागद पूर्ण उलगडून देत होता आणि सांगत होता, “असाच ठेवा, दुमडू नका.” वरच्या वाडीची म्हातारी माणसं मान हलवून “हो हो” म्हणत होती आणि पडद्यामागे गेल्यावर दुमडत होती. मला बाहेरून त्यांची कोपरं दिसत होती. साठ वर्षांची लाज एका सूचनेने थोडीच जाते.

दुपारच्या नमाजानंतर मंडपापुढच्या मैदानात मोजणी सुरू झाली. आठवा कागद दोन भोकांचा निघाला. बु निंगने तो घडीवर दुमडला, सूर्यासमोर धरला. दोन भोकांतून उजेडाचा एकच ठिपका आला.

“एकच टोच,” ती म्हणाली. “भात.”

एका क्षणाने कुणीतरी “साह” म्हणालं. मग सगळे म्हणाले. नोंद झाली की असा कागद ती वेगळ्या सुपात ठेवत होती, पुन्हा कुणाला बघायचा असेल तर बघता यावा म्हणून. सूप भरत गेलं. सहा-सात कागदांमागे एक तसा निघत होता आणि दर वेळी ती तेच करत होती, तितकाच वेळ घेऊन. केळीच्या पानात बांधलेला भात आणि सोयाबीनचं तळलेलं तेंपे आलं, तिने हात लावला नाही.

शेवटचा कागद मोजून झाला तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. भात नऊशे अकरा. मका आठशे अठ्ठ्याऐंशी. हार्जोनो तेवीस मतांनी निवडून आले होते.

आणि मग कुणीतरी सुपातले कागद बघायला मागितले. दोनशे एक्याऐंशी. त्यात भात एकशे सत्तर, मका एकशे अकरा. सहा वर्षांत हार्जोनोंनी वरच्या वाडीला रस्ता नेला होता, म्हातारी माणसं तिकडे वळली होती. हिशोब करायला वेळ लागला नाही. सुपातले कागद बाद धरले असते तर तुमिजान छत्तीसने निवडून आले असते.

“दोन भोकं म्हणजे बाद,” मक्याच्या बाजूचा एक तरुण ओरडला. “मागच्या वेळी आमची बाद केलीत. आता यांची ग्राह्य?”

“सूप उलटं करा.”

“गिळणारीने शेवटी मतं गिळलीच.”

गर्दी पुढे सरकली. बु निंग टेबलामागून हलली नाही. फळ्यावरच्या कागदाकडे बोट करून म्हणाली, “मोजणी सुरू होण्याआधी ठरलं, ते संपेपर्यंत बदलायचं नाही. खाली दोघांच्या सह्या आहेत.” तिचा आवाज पुढच्या दोन ओळींच्या मागे पोचलाही नसेल.

तेव्हा बायकांच्या बाजूने लास्मी उठली. खांद्यावर चोळामोळा झालेलं तेच झंपर अंगात होतं. ती गर्दीतून वाट काढत टेबलापाशी आली आणि सुपापुढे, आपल्याच माणसांकडे तोंड करून उभी राहिली.

“काय रे,” ती त्या तरुणाला म्हणाली, “मागच्या वेळी तू बारा वर्षांचा होतास. मी सहा वर्षं त्या एका भोकासाठी रडले. आज ते गिळणं माझ्या फायद्याचं झालं म्हणून गिळू का?”

“पण काकू, आपण जिंकतोय त्याने.”

“जिंकतोय म्हणे. तसं जिंकायचं असतं तर मी चिटणीसालाच जेवायला बोलावलं असतं.”

मागे कुणीतरी हसलं. तिने सुपातला वरचा कागद उचलला, भाताचाच होता. दुमडला, मावळत्या उजेडासमोर धरला.

“एकच टोच,” ती म्हणाली. “दिसतेय का? सगळ्यांना दिसतेय का?”

पहिल्यांदा खुर्चीवरून तुमिजान म्हणाले, “साह.” मग मक्याची बाजू म्हणाली, मग भाताची, आणि शेवटी सगळं मैदान असं म्हणालं की बाजाराच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. हार्जोनो खुर्चीतून उठून तुमिजानांकडे गेले आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. तेवढ्यात मशिदीतून संध्याकाळची अजान सुरू झाली आणि गर्दी आपोआप विस्कटली, काही जण वजूचे हातपाय धुवायला, काही घराकडे.

बु निंग खाली बसली. बिनखिशाच्या सदऱ्याच्या बाहीने तिने डोळे पुसले, कारण रुमाल ठेवायला जागाच नव्हती.

आमच्या गल्लीत पूर्वी कधी न झालेली गोष्ट त्या आठवड्यात झाली. भाताची बाजू आणि मक्याची बाजू, दोन्हीकडच्या बायका एकामागून एक कापडं घेऊन दुकानात आल्या. सरपंचाच्या नव्या शपथविधीचं निमित्त. मशीन सकाळपासून चालू असायचं. देव कुणाला कुठल्या वाटेने परत देतो ते मला कळत नाही, पण समोरच्या दारातून मी ते बघितलं.

गुरुवारी लास्मी आली. या वेळी पायरीवर थांबली नाही. पिशवीतून निळं कापड काढून टेबलावर टाकलं आणि हात बाजूला पसरून उभी राहिली.

“माप घे,” म्हणाली. “जुनं चालणार नाही. सहा वर्षांत जाड झालेय मी.”

बु निंगने तिच्या खांद्यावर टेप ठेवली. “हे झंपर कुणी शिवलं गं? दोन बाह्या दोन गावच्या आहेत.”

“बोलू नकोस. आणि लवकर कर, वाचायला उशीर होईल.”

बु निंगने ओठांत टाचण्या धरल्या होत्या. तिने त्या काढून डबीत ठेवल्या, कारण टाचण्या तोंडात धरून हसता येत नाही.