तोंडावर बसलेलं कोपर

काल शाहूपुरीतल्या आमच्या घरी माझ्याकडं शिकून पायलट व्हायला निघालेली एक मुलगी आली. "मॅडम, वर गेल्यावर भीती वाटली तर काय करायचं?" तिनं विचारलं, आणि माझी जीभ आपोआप तुटक्या दातावर गेली.

बावीस वर्षांपूर्वी आमचं शिकाऊ विमान शिरोळच्या उसावर गरगरत खाली चाललं होतं. समोरच्या काचेत कृष्णा नदी फिरून फिरून येत होती. मी कंट्रोलचा दांडा दोन्ही मुठींनी छातीशी ओढून धरला होता; तो सोडल्याशिवाय विमान सावरणार नव्हतं. शेजारी बसलेले माझे सर ओरडले, "सोड. सोड म्हणतोय की." माझ्या मुठी सुटेनात. सरांनी कोपर उचललं आणि सरळ माझ्या तोंडावर हाणलं. दात तुटला, तोंड रक्तानं भरलं, मुठी सुटल्या. विमान त्यांनी सावरलं.

खाली उतरल्यावर मी रक्त थुंकत म्हणाले, "बापानंसुद्धा कधी मारलं न्हाय मला." कितीतरी वर्षं मी त्यांना राक्षस म्हणायचे. पुढं मी शिकवायला लागले आणि एक पोरगा तसाच कंट्रोल आवळून बसला, तेव्हा कळलं की सर रागावले नव्हते, घाबरले होते.

"हात सोडायचे," मी मुलीला म्हणाले. "न्हाय सुटले, तर मी तोंडावर हाणीन."

तिला चेष्टा वाटली. ती हसली.