कंट्रोल दाबून बसलेला भामरे

आमच्या कॉम्प्युटर सेक्शनचे किस्से कोणी मुद्दाम जमवले नाहीत. चार माणसं एका एसी खोलीत कोंडली की ते आपोआप साठतात!

अंबडच्या एका कारखान्यातली ही खोली, साल शहाऐंशीच्या आसपासचं. चपला दाराबाहेर काढायच्या, मग आत. माऊस नव्हता. प्रोग्रॅम लिहायचा तो कंट्रोल धरून के, वाय, क्यू असल्या बटणांच्या जोरावर. त्यात आमचा सटाण्याचा भामरे उस्ताद. पण नोकरी काय ते मुलीकडच्यांना कळेना, म्हणून बिचाऱ्याची दोन स्थळं मोडलेली. आम्हाला खरंच वाईट वाटायचं.

लाईट कधी जाईल याचा नेम नसायचा. त्यामुळे दर ओळीला कंट्रोल-के-एस, म्हणजे सेव्ह. आमच्या सेक्शनमधल्या सोनवणे मॅडम एकदा घरी कणीक मळत होत्या, बल्ब जरा लुकलुकला. नवऱ्याने विचारलं, "अगं, कणकेत बोटं काय खुपसतेस?"

"थांबा हो, सेव्ह करतेय!"

एकदा साहेबांना शिकायची हुक्की आली. कंट्रोल-वायने ओळ उडते, हे त्यांना फार आवडलं. भामरेच्या मशीनवर बसून दाबत सुटले. भामरेचं आठवड्याचं काम भराभर नाहीसं झालं.

"वा! किती स्वच्छ झालं! आता सेव्ह करू ना?"

साहेबांना नाही कोण म्हणणार? भामरे उठला आणि त्याने सरळ मेन स्विच बंद केला. डिस्कवरचं जुनं काम वाचलं.

साहेब अंधारात हळहळले, "अरेरे, सेव्ह करायचं राहिलंच की!"

मग भामरेला तिसरं स्थळ आलं, कळवणचं. मुलीचे वडील, आप्पा, म्हणाले, पोरगा कामावर कसा आहे ते डोळ्यांनी बघू. हेही मोडलं तर घरी तोंड दाखवणार नाही, असं भामरे मला म्हणाला होता. आप्पा आले, चपला काढून आमच्या मागे खुर्चीवर बसले.

साहेबांनी भामरेला आणि मला सारखंच काम दिलं. एक कोड नंबर बदलला होता, तो प्रोग्रॅममध्ये सगळीकडे बदलायचा. भामरेने कंट्रोल-क्यू-ए दाबलं, जुना नंबर, नवा नंबर, एंटर. स्क्रीन थरथरली, काम संपलं. तो ऐटीत हाताची घडी घालून बसला.

मला ती बटणं कधीच लक्षात राहिली नाहीत. मी बाण दाबत एकेका ओळीवर जायचो, खोडायचो, पुन्हा टाइप करायचो. एसीतही मला घाम फुटला. आप्पा बराच वेळ बघत होते.

बाहेर चपला घालताना त्यांनी साहेबांना हळूच बाजूला घेतलं.

"पोरगा गुणी हाय साहेब, पण कामाचं काय खरं नाय. निस्ता हात बांधून बसतोय. त्या शेजारच्याचं लगीन झालंय का हो?"