रेग्युलेटरखाली चटई

आईशप्पत, ह्यातला एक बी शब्द खोटा न्हाई! म्हंजे, फाटकाचं तेवढं अर्धंच धरा. परभणीत रशीदचाचाचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान हाय. तिथं जळके बल्ब साठतेत तसेच किस्से साठतेत. बल्ब भंगारवाला नेतो. किस्से कोन नेनार? म्हनून तुमाला सांगायलोय.

* * *

आमच्या दोस्ताची, संद्याची गाडी म्हंजे मामानं वापरून, कटाळून दिलेली. रविवारी पूर्णेला पोरगी बघायला जायचं, आन शुक्रवारी बॅटरी डाऊन!

चाचा म्हनले, "बॅटरी चार्ज करतो त्या अल्टरनेटरच्या आतला रेग्युलेटर गेला. करंटला लगाम तोच घालतो. आता नवा बाहेरून बसवू."

"बाहेरून? चोरीला गेला तर?" संद्या लगेच सायकलची साखळी आन कुलूप घेऊन आला.

"बेटा, चोर ही गाडी बघंल आन शंभराची नोट ठेवून जाईल!"

* * *

रेग्युलेटर लोखंडाला लोखंड टेकून बसला पायजे, म्हनून चाचानं बॉडीचा रंग खरवडायला पॉलिश पेपर काढला. संद्या आडवाच पडला! पोरीकडच्यांसाठी त्यानं कालच नवा रंग मारला व्हता. बॉनेटच्या आत पन!

"आत कोन बघनार हाय?"

"चाचा, लोक म्हैस घेताना दात बघतेत. ह्यायला तर पोरगी द्यायचीय!"

चाचा नमाजला गेले. संद्यानं आईची दारातली रबराची चटई कापली, खाली घातली आन वर रेग्युलेटर नायलॉनच्या दोरीनं बांधला. एक ओरखडा न्हाई! दोरी मी धरली व्हती. चाचा यायच्या आत गाडी पळवली.

* * *

खाली रबर, मग अर्थिंग कुठलं? अर्थिंगबिगर लगाम लागत न्हाई. करंट मोकाट! रविवारी पूर्णेला निघालो, दिवेलागणीला हेडलाईट असे पेटले की समोरचा ट्रकवाला गाडी बाजूला घेऊन नमस्कार करायला उतरला. "कोन मंत्री हायत?"

संद्यानं बी हात हालवला.

* * *

पूर्णेच्या अलीकडं रेल्वे फाटक. संद्यानं दुरूनच हॉर्न दिला. फाटकवाल्यानं तो ऐकला आन घाईघाईनं फाटक टाकलं! आमी थांबलो. लय वेळ झाला, रेल्वे काय येईना. संद्यानं कटाळून परत हॉर्न दिला.

फाटकवाला वरडला, "थांबा की! जवळ आली!"

* * *

पोरीच्या दारात संद्यानं हॉर्न दिला, सगळी गल्ली बाहेर आली आन दोन्ही हेडलाईट फट्कन उडाले. बॅटरी उकळून सडक्या अंड्याचा वास सुटला. व्हनारे सासरे म्हनले, "बॉनेट उघडा." संद्या खूष, रंग दाखवायला मिळाला!

सासरे मात्र चटईकडंच बघत राहिले. 'सुस्वागतम्' मधलं 'स्वाग' तेवढं उरलं व्हतं.

खिडकीतून बघनारी पोरगी हसून हसून खाली बसली. "आतापर्यंत आलेल्या स्थळांत कुनी हसवलंच न्हाई," ती म्हनली. जमलं!

दुसऱ्याच दिवशी चाचानं शिव्या घालत चटई काढली, रंग खरवडून रेग्युलेटर बोल्टनं आवळला. गाडी एकदम गरीब झाली. हॉर्न तर खोकल्यासारखा.

* * *

मग लग्नाची बैठक. वरातीच्या बँडचा विषय निघाला. बँडवाल्याचा भाव ऐकून सासऱ्यांनी चहाची बशी खाली ठेवली. मग हळूच संद्याकडं सरकले.

"जावईबापू, ती चटई टाकून तर न्हाई ना दिली?"

चला, उठा आता. चहाचे तुमी द्या. किस्सा माझा व्हता की!