बायजाच्या बैलांच्या घुंगरमाळा

मोटारवाल्यांवर माझा राग आहे. त्यांच्या पैशावर माझं चहाचं दुकान चाललं हे खरं, आणि खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत हेही मला कळतं. तरी राग आहे. खोपोलीला बोरघाटाच्या पायथ्याशी ज्याचं दुकान होतं आणि बायजाचा चांद्या बैल पडताना ज्यानं डोळ्यांनी पाहिला, त्याला तो असणारच.

सव्वीस-सत्तावीस सालची गोष्ट. मुंबईहून पुण्याला किंवा खंडाळ्याला हवा खायला निघालेली मोटार घाट चढण्याआधी माझ्या दुकानापाशी थांबायची. इंजिनाला पाणी, माणसांना चहा. आणि चहा पिताना बोलणं कशाचं, तर मोटारीच्या आवाजाचं. एकाला तो खर्जातला हवा, वाघ गुरगुरल्यासारखा. दुसऱ्याला फटाक्यांची लड हवी. कोणी धुराची नळी मुद्दाम लांब करून घेतलेली, कोणी ती पितळेची घडवलेली. पुष्कळांनी तर पायाशी एक दांडी बसवून घेतली होती. ती दाबली की नळीचं झाकण उघडायचं, कोंडलेला आवाज मोकळा सुटायचा आणि माझ्या फळीवरच्या कपबश्या थरथरायच्या. ही मंडळी डोळे मिटून तो आवाज ऐकायची आणि माना डोलवायची. घरात बायकोचं बोलणं कधी इतक्या लक्ष देऊन ऐकलं असेल, असं मला वाटत नाही.

या सगळ्यांत हौशी म्हणजे भाईसाहेब, मुंबईतल्या एका बड्या कंत्राटदाराचे चिरंजीव. त्यांची मोटार लाल, बुटकी, दोनच माणसांची. जादा पैसे मोजून तिला काय काय लावून घेतलं होतं! दाराशी सापाच्या तोंडाचा पितळी भोंगा, रबरी फुगा दाबला की साप केकाटायचा. पुढे फिरता दिवा, आत चांदीची फुलदाणी, नाकाडावर पंख पसरलेला गरुड. पुढच्या चाकांचे ब्रेकसुद्धा जादा पैशांत मिळत होते म्हणे, पण ते त्यांनी घेतले नव्हते. ब्रेक दिसतही नाहीत आणि ऐकूही येत नाहीत, मग त्यांवर पैसे कशाला घालवायचे, असं त्यांनीच माझ्या बाकावर बसून सांगितलं होतं.

या थाटाच्या मोटारी घाटात हमखास बसायच्या. गर्जेल तो पडेल काय, तसंच हे. गर्जना खोपोलीत आणि बसकण पहिल्या वळणावर. मग त्यांना वर ओढायला बैल लागायचे, आणि बैल आणायची बायजा.

बायजा पळसदरीची लेक, आमच्या जवळच्या वाडीत दिलेली. नवरा तापानं गेला तेव्हा दावणीला मोऱ्या आणि चांद्या ही डांगी बैलांची जोडी होती, आणि भाताचं थोडं शेत. आमच्याकडे बाईनं नांगराला हात लावायचा नाही. लावला तर पाऊस रुसतो म्हणतात. बायजाचा दीर धाकलू याच गोष्टीवर टपून होता. बैल उभे राहून खातील, त्यापेक्षा माझ्या गोठ्यात बांध, तुझं शेत मीच नांगरीन, असं तो गोड बोलून सांगू लागला. आज बैल गेले की उद्या त्यांच्यामागून शेतही जाणार, हे बायजाला समजत होतं. चार माणसांदेखत तिनं त्याला उत्तर दिलं.

"नांगराला हात लावायचा नाय, ह्ये आयकलंय मी. मोटारीला लावायचा नाय, असं कुनी सांगितलेलं नाय."

झालं. तिनं शेजारच्या भिवाजीबरोबर सावड केली. तिचे बैल त्याच्या शेतात राबायचे, त्याच्या बदल्यात तो तिचं शेत नांगरून द्यायचा. उन्हाळ्यात दोघं मिळून मोटारी ओढायची. जुवाला साखळी आणि साखळीचा आकडा मोटारीच्या पुढच्या आसाला. बायजा बैलांच्या पुढे चालायची, त्यांच्याशी बोलत. भिवाजी लाकडी ओंडका घेऊन मोटारीच्या मागे, मोटार मागं सरकलीच तर चाकाखाली घालायला.

आता माझा राग कुठे सुरू होतो ते सांगतो. मोऱ्या-चांद्याच्या गळ्यात घुंगरमाळा असायच्या. बैल त्या नादावर चालतो. पुढचं वळण दिसत नसलं तरी गळ्यातला ओळखीचा आवाज चालू आहे म्हटल्यावर त्याला धीर असतो. पण मोटारवाल्यांची पहिली अट कोणती, तर घुंगरमाळा काढ. कारण घाटात घुंगरं वाजली की वर खंडाळ्याला कळणार, साहेबांची मोटार बैलांनी आणली. स्वतःचा आवाज गावभर हवा, आणि ज्याच्या जिवावर वर जायचं त्याचा आवाज मात्र नको. बायजा मुकाट्यानं माळा काढून खांद्यावर टाकायची. भिवाजी मनातल्या मनात शिव्या द्यायचा, मी उघड द्यायचो.

त्या चैत्रात भाईसाहेबांनी मित्रांशी पैज लावली. त्यांची मोटार कोणाच्या मदतीशिवाय, न थांबता घाट चढेल. चढली तर चांदीचा पेला. मित्र पुढे जाऊन खंडाळ्याच्या हॉटेलाच्या व्हरांड्यात बसले. तिथून घाटातला रस्ता दिसत नाही, पण भर दुपारी दरीत वारा पडलेला असला की आवाज स्वच्छ पोहोचतो. आवाज न तुटता वर आला तर मोटार न थांबता आली, असा शहाण्यांचा न्याय ठरला.

मोटार दुसऱ्याच वळणावर बसली. इंजिन ओरडत होतं, पण चाकांना जोर पोहोचत नव्हता. आतला क्लच तापून घसरत होता, असं पुढे एका ड्रायव्हरनं मला समजावलं. भाईसाहेबांनी इंजिन चालूच ठेवलं आणि बायजाला निरोप धाडला. मी पाण्याचा डबा घेऊन तिच्याबरोबर गेलो. त्यांनी घुंगरमाळा काढायला सांगितल्या. तिनं काढल्या, पण तीही एक बोलली.

"माळा काढल्या, सायेब. पन पायाची दांडी दाबून त्यो मोठा आवाज सोडू नगा. बैल बुजतील."

त्यांनी बरं म्हटलं. मी ऐकलंय ते बरं. माझ्या या कानांनी.

रेल्वेच्या पुलाखालच्या चढापर्यंत सगळं ठीक गेलं. तिथे, वरच्या मंडळींना आपला आवाज कमी येत असेल, अशी शंका साहेबांना आली असावी. त्यांनी पायाखालची दांडी दाबली. डोंगर फुटल्यासारखा आवाज झाला. मोऱ्या डोंगराकडे उसळला, चांद्या दरीकडे. कठड्याचे दोन दगड निखळलेले होते, त्या खाचेत चांद्याचा पुढचा पाय गेला आणि सगळं ओझं त्यावर आलं. साखळीचा आकडा निसटला. मोटार मागं घरंगळू लागली. पुढच्या चाकांना ब्रेक नाहीत, मागचे पुरे पडेनात. भिवाजीनं ओंडका घातला म्हणून ते साहेब आज जिवंत असतील तर आहेत.

बैल मोकळे करायला बायजा जुवाच्या जुपण्या कापत होती. चांद्या उठू पाहत होता आणि पुन्हा पडत होता. आणि भाईसाहेब खाली उतरले नाहीत. इंजिनावरचा पायसुद्धा त्यांनी काढला नाही, कारण आवाज तुटला असता तर पेला गेला असता. थोड्या वेळानं क्लच निवला, चाकांनी जोर धरला, आणि मोटार पडलेल्या बैलाला वळसा घालून, बायजाच्या तोंडावर धूर सोडून वर निघून गेली. मी तिच्यामागे पाण्याचा डबा फेकला. तो लागला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

चांद्याला आम्ही चार-पाच जणांनी भिवाजीच्या गाडीत घालून खाली आणलं आणि माझ्या परसात ठेवलं. बायजानं बांबूच्या कामट्या बांधल्या, हातानं चारा भरवला. त्यानं खाणं सोडलं आणि मिरगाच्या आत तो गेला. मुकं जनावर, पण बायजा जशी रडली तशी नवऱ्याच्या वेळीही रडली नव्हती, असं वाडीतल्या बायका म्हणत.

आम्ही तिघं खालापुरास फौजदाराकडे गेलो. फौजदारानं भाईसाहेबांना विचारलं, तर त्यांचं म्हणणं, मोटार कोणी ओढलीच नव्हती; दोन मोकाट बैल रस्त्यात आडवे आले. खरं सांगितलं असतं तर पेला परत करावा लागला असता ना! व्हरांड्यात बसलेल्या चार प्रतिष्ठित गृहस्थांनी साक्ष दिली, की मोटारीचा आवाज आम्ही अखंड ऐकला. आम्ही तिघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांनी नुसतं कानांनी ऐकलं होतं, आणि खरे ठरले ते कान. सरकारी रस्त्यावर जनावरं मोकाट सोडल्याबद्दल दंड केला नाही, हेच उपकार समज, असं फौजदारानं बायजाला सुनावलं. माझं म्हणणं तर त्यानं विचारलंही नाही. मी चहावाला ना!

धाकलूला आयतंच कोलीत मिळालं. बघा, फौजदारच म्हणतोय बैल मोकाट होते. बाईमाणसाला जनावरं सांभाळता येत नाहीत, मोटार ओढली वगैरे सगळ्या गप्पा. वाडीतल्या जुन्या माणसांनाही ते पटलं. चांद्या तर गेलाच, निदान मोऱ्याचे हाल नकोत, म्हणून येत्या वर्षीच्या मिरगाला मोऱ्या धाकलूच्या दावणीला बांधायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं.  बायजानं मोऱ्याच्या जोडीला भिवाजीचा एक बैल घेतला आणि वर्षभर काम चालू ठेवलं.

पुढच्या वैशाखात तीच लाल मोटार माझ्या दुकानाच्या वरच्या चढावर बसली. या खेपेला इंजिनच गेलं, हूं की चूं करीना. भाईसाहेबांबरोबर सुटाबुटातला एक सोबती होता. नाक्यावर बैलगाड्या उभ्या होत्या. साहेब एकेका गाडीवाल्यापाशी गेले, दुप्पट भाडं देतो म्हणाले. प्रत्येकानं मान हलवून एकच सांगितलं, ती मोटार बायजाची, आम्हाला हात लावता येत नाही. कोणी कोणाला पढवलं नव्हतं. मला इतका आनंद झाला, की मी सगळ्या गाडीवाल्यांना फुकट चहा दिला.

मग साहेब मोटारीत बसून तो साप केकाटवत राहिले. दुपार कलेपर्यंत साप ओरडत होता. बायजा शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजत होती. निरोप पोहोचला होता, पण काम पुरं करून, हातपाय धुऊनच ती आली. जुवाला मोऱ्या आणि भिवाजीचा बैल. दोघांच्याही गळ्यात घुंगरमाळा, आणि भिवाजीच्या बैलाच्या गळ्यातली चांद्याची होती. तिच्यामागून वाडीतली माणसं मजा बघायला आली, त्यांत धाकलूही होता.

साहेबांनी घुंगरमाळांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. बायजानं त्यांना बोलू दिलं नाही.

"इंजान बंदच हाय, आता भोंगाबी बंद. घुंगरं ऱ्हातील. भाडं नेहमीचंच घेईन, जादा नगं."

खंडाळ्याच्या अलीकडे सोड, एवढं तरी ऐक, असं त्यांनी हळू आवाजात सांगून पाहिलं.

"नाय. हाटेलापातूर."

न ऐकून करतात काय? घाट चढताना फक्त घुंगरं वाजत होती. मी दुकान उघडं टाकून गेलो होतो. त्या दिवशी गल्ला कोणी नेला असता तरी मला चाललं असतं. खंडाळ्याच्या बाजारात लोक दुकानांतून बाहेर आले. हॉटेलाच्या व्हरांड्यातली मंडळी, कुणाचं वऱ्हाड आलं म्हणून उठून पाहू लागली, तर फुलदाणी, गरुड आणि साप यांच्यासकट भाईसाहेब बैलांमागून येत होते. पैज हरलेले एक वयस्क गृहस्थ पायऱ्या उतरून खाली आले. मोटार आज बिघडली वाटतं, असं त्यांनी विचारलं.

उत्तर बायजानं दिलं.

"गेल्या सालीबी मीच आनली हुती, सायेब. पुलापातूर. तवा डाव्या अंगाला चांद्या हुता."

त्या गृहस्थांनी भाईसाहेबांकडे वळून खरं का म्हणून विचारलं. भोवती बाजार उभा होता, गाडीवाले उभे होते, वाडी उभी होती. भाईसाहेबांनी चांद्याच्या घुंगरमाळेकडे पाहिलं आणि ओठातल्या ओठात हो म्हटलं. ते कोणालाच ऐकू गेलं नाही. गृहस्थांनी कानामागे हात धरून पुन्हा विचारलं, तेव्हा त्या आवाजाच्या शौकिनाला ते मोठ्यानं म्हणावं लागलं. गर्दीच्या पार मागे उभ्या असलेल्या धाकलूलाही ते ऐकू गेलं, आणि त्या मिरगाला मोऱ्या बायजाच्याच दावणीला राहिला.