पडद्यावरचं घर

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत बारा वर्षं इंजिनिअर असलेल्या पद्माकरला आता लाल मातीचा कंटाळा आला असणार, असं त्याच्या बायकोला, चित्रलेखाला वाटलं होतं. म्हणून इंग्लंडच्या सरोवरांच्या भागात पंधरा दिवस जायचं ठरल्यावर ती खूश झाली. पण तीन रविवार गेले तरी राहायचं घर काही ठरेना. पद्माकर लॅपटॉपवर एकेक कॉटेज बघायचा आणि नाक मुरडायचा. याचं धुराडं उजवीकडे आहे. त्याच्यासमोर तळं आहे, पण पूल नाही.

"अरे, तिथं राहायचंय की संसार थाटायचाय?" ती वैतागली.

पद्माकर उठला आणि कपाटातून एक जुना फोटो घेऊन आला. त्याच्या आईचा हा एकमेव फोटो. दीक्षाभूमीवर गेले असताना बाबांनी हौसेनं नागपूरच्या एका स्टुडिओत काढून घेतलेला. मागे रंगवलेला पडदा होता: तळं, दगडी पूल, डावीकडे धुराडं असलेलं टुमदार घर. ही विलायत, असं फोटोवाल्यानं सांगितलं होतं. वर्षभराच्या पद्माकरला कडेवर घेऊन बाबा ताठ उभे. पांढऱ्या साडीतली आई मात्र ऐन वेळी मान वळवून त्या घराकडे बघत राहिली आणि फोटोत तिचा नुसता अंबाडा आला. पुढच्याच वर्षी ती गेली.

"पडदा आहे रे हा. असं घर नसेलच कुठे."

"माहितीये मला."

चित्रलेखानं फोटो टेबलावर उभा केला आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"धुराडं डावीकडे," ती पुटपुटली, "आणि पूल."